पत्रा, डांबर आणि गालिचा : मोटारीतील शांततेचा इतिहास

बग्गीचा वारसा

मोटारीच्या तळावर अंथरलेला गालिचा आणि त्याखाली दडलेले आवाजरोधक थर यांचा जन्म एकाच वेळी झालेला नाही. गालिचा आधी आला आणि तो घोड्याच्या बग्गीतून आला; आवाज अडवणे हे त्याचे काम नव्हते. आवाजरोधक थरांची गरज भासली ती गाडीला पोलादी पत्र्याची बंद काया मिळाल्यावर. दोघांची खरी सांगड दुसऱ्या महायुद्धानंतर बसली. त्यामुळे मोटारीच्या अंतर्भागाचे साहित्य निवडण्याच्या इतिहासात दोन वेगळे धंदे येतात. एक गाद्या आणि अस्तरे शिवणाऱ्यांचा, दुसरा डांबर, रबर आणि रसायने हाताळणाऱ्यांचा.

पहिल्या मोटारींचे सांगाडे बग्ग्या बांधणाऱ्या कारागिरांकडेच सजत असत. लाकडी चौकट, त्यावर लाकूड किंवा पातळ पत्रा, आणि तळाला सुट्या फळ्या अशी रचना असे. गिअरबॉक्स किंवा क्लचला हात घालायचा असेल तर फळ्या उचलाव्या लागत, म्हणून त्या कायमच्या ठोकत नसत. त्यांच्यावर रबराची मॅट, काथ्याची चटई किंवा लिनोलियम घालत. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक वॉल्टन याने १८६०च्या दशकात काढलेले लिनोलियम म्हणजे तागाच्या कापडावर जवसाचे तेल आणि बुचाचा भुसा यांचा घट्ट थर. ते धुता येई, चिखलाने खराब होत नसे आणि फळ्यांच्या सांध्यांतून येणारी धूळ काही प्रमाणात अडवत असे.

श्रीमंतांच्या गाड्यांमध्ये एकाच गाडीचे दोन भाग पडत. पुढे उघड्यावर बसणाऱ्या चालकासाठी चामड्याची बैठक आणि पायाखाली रबर. मागे बंद डब्यात बसणाऱ्या मालकासाठी लोकरी कापड आणि लोकरी गालिचा. ही वाटणी प्रतिष्ठेची होती, पण तिच्यामागे व्यवहारही होता. पावसात भिजणाऱ्या जागी चामडे आणि रबर टिकते, लोकर टिकत नाही. गालिच्याखाली कधी नमद्याचा थर असे, तो पायांना ऊब मिळावी म्हणून. उघड्या गाडीत वारा, इंजिन आणि साखळ्यांचा आवाज इतका असे की तळावर काही अंथरून तो कमी करण्याचा विचारच कोणी करत नसे.

बंद गाडी आणि पत्र्याचा आवाज

पहिल्या महायुद्धानंतर चित्र बदलले. जनरल मोटर्सचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन यांनी नोंदवल्याप्रमाणे अमेरिकेत १९१९मध्ये विकल्या जाणाऱ्या गाड्यांपैकी बंद गाड्या सुमारे १० टक्के होत्या. १९२४मध्ये त्या ४३ टक्के झाल्या आणि १९२७मध्ये ८५ टक्क्यांवर गेल्या. या बदलाला हडसन कंपनीच्या ‘एसेक्स कोच’ने वेग दिला. १९२५मध्ये तिची किंमत उघड्या गाडीपेक्षाही खाली आली आणि बंद गाडी ही श्रीमंतांची मिरास उरली नाही.

बंद गाडीने ऊन, पाऊस आणि वारा बाहेर ठेवला, पण आवाज आत कोंडला. सुरुवातीच्या बंद गाड्यांच्या लाकडी चौकटीवर पत्रा खिळ्यांनी आणि स्क्रूंनी बसवलेला असे. खडबडीत रस्त्यावर चौकट मुरगळे, खिळे सैल होत आणि लाकडावर लाकूड घासून सतत करकर चाले. यावर १९२०च्या दशकात चार्ल्स वेमन याने वेगळाच उपाय काढला. त्याच्या चौकटीत लाकडाचे दोन तुकडे एकमेकांना कुठेच टेकत नसत. त्यांच्यामध्ये फट ठेवून ते धातूच्या पट्ट्यांनी जोडलेले असत. वरून पत्र्याऐवजी कापूस भरलेले जाड कापड आणि कृत्रिम चामडे ताणलेले असे. चौकट वाकली तरी सांधे घासत नसत आणि कापड थरथरून वाजत नसे. पॅरिस आणि लंडनमध्ये या गाड्यांना काही वर्षे मोठी मागणी होती. पुढे चकचकीत रंगाची आणि गोलाकार वळणांची आवड वाढली. कापडाला ती वळणे देता येईनात आणि १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला ही पद्धत मागे पडली. आवाजाचा विचार करून बांधलेली ही पहिली नावाजलेली काया, तरीही बाजाराने दिसण्याला झुकते माप दिले.

दरम्यान फिलाडेल्फियाच्या एडवर्ड बड याने संपूर्ण पोलादी काया बनवण्याचे तंत्र बसवले होते. डॉज बंधूंनी १९१४मध्ये त्याच्याकडे मोठी मागणी नोंदवली आणि १९२०च्या दशकात बंद पोलादी गाड्या रस्त्यावर आल्या. पोलादी काया दणकट होती, आगीला दाद देत नव्हती आणि साच्यातून झपाट्याने निघत होती. छताचा मधला भाग मात्र बराच काळ कापडीच राहिला. एवढ्या रुंदीचा अखंड पत्रा गिरण्यांतून सहज मिळत नव्हता, आणि मिळाला तरी मोठा सपाट पत्रा ढोलासारखा घुमत असे. जनरल मोटर्सने १९३५च्या गाड्यांपासून अखंड पोलादी छत रूढ केले, तेव्हा छताच्या आतून अस्तर आणि नमद्याचे थर चिकटवणे ओघाने आलेच.

याच काळात आवाजाच्या उगमावरही काम सुरू झाले. क्रायस्लरने १९३१मध्ये प्लिमथ गाडीत इंजिन रबराच्या आधारांवर तरंगते बसवले आणि चार सिलिंडरच्या इंजिनाची थरथर चौकटीपर्यंत पोचणे बरेच कमी झाले. त्याआधी १९३०मध्ये पॉल गॅल्विनच्या कंपनीने ‘मोटोरोला’ नावाने मोटारीचा रेडिओ विकायला काढला होता. गाडीत गाणे आणि बातम्या ऐकायच्या म्हटल्यावर खडखडाट खुपू लागला. शांतता ही विकण्याजोगी गोष्ट बनली.

तिसरा बदल रचनेतला. १९२२ची लान्सिया लॅम्ब्डा आणि १९३४ची सिट्रोएन ट्रॅक्शन अव्हां यांनी वेगळ्या चासीला फाटा दिला. तळ, खांब आणि बाजू मिळून गाडीचा भार पेलू लागल्या. वजन घटले, पण चाकांचे आणि इंजिनाचे हादरे पातळ पत्र्याला थेट मिळू लागले. जुन्या गाडीत चासी आणि काया यांच्यामध्ये रबराच्या गट्ट्या असत. नव्या रचनेत तो अडसर नव्हता. तेव्हापासून तळाच्या पत्र्याला काही ना काही चिकटवल्याशिवाय गाडी पूर्ण होईनाशी झाली.

चिकटवायचे काय, याचे उत्तर त्या काळच्या स्वस्त मालात होते. डांबरात भिजवलेला नमदा, तागाचा जाड थर आणि जुन्या चिंध्या पिंजून केलेला ‘शॉडी’ या तीन वस्तू कारखान्यांनी उचलल्या. शॉडीचा उगम यॉर्कशायरमधल्या बॅटली गावचा. बेंजामिन लॉ याने १८१३मध्ये जुन्या लोकरी कपड्यांचे धागे मोकळे करून पुन्हा वापरण्याची रीत काढली. ताग बंगालचा. तो आधी स्कॉटलंडमधल्या डंडी शहरात विणला जाई. १८५५मध्ये हुगळीकाठी रिश्रा येथे पहिली ताग गिरणी निघाल्यावर बंगालमध्येच विणला जाऊ लागला. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये बनलेल्या अनेक गाड्यांच्या गालिच्याखाली बंगालचा ताग असे, तो असा.

अंदाजाकडून मोजमापाकडे

पहिल्या पिढीचे हे काम अनुभवाच्या जोरावर चाले. कुठला थर कुठे लावला की आवाज कमी होतो हे कारागिराला माहीत असे. का, ते माहीत नसे. ध्वनिशोषणाचे शास्त्र हार्वर्डच्या वॉलेस सॅबिन याने १८९५च्या सुमारास एका व्याख्यानगृहातला घुमणारा आवाज कमी करताना उभे केले होते. त्यासाठी त्याने बैठकांच्या गाद्या आत-बाहेर नेऊन आवाज किती वेळ रेंगाळतो ते मोजले. १९२०च्या दशकात बेल कंपनीच्या प्रयोगशाळांमधून डेसिबल हे एकक आले आणि आवाजाची तुलना आकड्यांत करता येऊ लागली. पण सभागृहाचे शास्त्र मोटारीला पुरे पडत नव्हते, कारण मोटारीत पत्रा स्वतःच वाजतो.

या वाजण्याचे गणित जर्मनीतल्या हेर्मान ओबेर्स्ट याने १९५२मध्ये मांडले. पत्र्यावर चिकट-लवचीक पदार्थाचा थर पक्का बसवला की पत्रा वाकताना तो थर ताणला जातो आणि हालचालीची ऊर्जा उष्णतेत जिरते, हे त्याने पट्टीच्या साध्या प्रयोगाने दाखवले. ‘ओबेर्स्ट पट्टी’ची चाचणी आजही या धंद्यात चालते. पुढे १९५९मध्ये अमेरिकेतल्या एडवर्ड कर्विन याने दाखवले की त्या लवचीक थरावर धातूचे पातळ कडक पान चिकटवले, तर लवचीक थर दोन कडक थरांमध्ये घसरतो आणि कमी वजनात जास्त ऊर्जा जिरते. आज बाजारात मिळणाऱ्या, वरून ॲल्युमिनियमचे पान असलेल्या ब्यूटिल रबराच्या पट्ट्या याच तत्त्वावर चालतात.

या अभ्यासातून तीन वेगळी कामे स्पष्ट झाली. पहिले, पत्र्याचे कंपन मारणे, म्हणजे डॅम्पिंग. त्यासाठी पत्र्याला घट्ट चिकटणारा डांबरी किंवा ब्यूटिलचा थर लागतो. तो पूर्ण पत्रा झाकेल असा लावण्याची गरज नसते. पत्र्याच्या मोकळ्या मधल्या भागावर, पाव ते अर्ध्या क्षेत्रावर लावला तरी बहुतेक फायदा मिळतो. दुसरे, हवेतून येणारा आवाज थोपवणे. यासाठी वजनदार, पण लुळा थर हवा. भिंतीचे वजन दुप्पट केले की अडणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो, हा त्याचा ढोबळ नियम. तिसरे, आत आलेला आवाज शोषणे. हे काम नमदा, फोम आणि गालिचा यांच्यासारखे सच्छिद्र पदार्थ करतात.

तीनही कामांना मर्यादा आहेत. सच्छिद्र थराची जाडी आवाजाच्या तरंगलांबीच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास असेल तेव्हा तो उत्तम शोषतो. १००० हर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी सुमारे ३४ सेंटिमीटर, १०० हर्ट्झची जवळपास साडेतीन मीटर. म्हणजे १० मिलिमीटरचा नमदा टायरची सरसर आणि वाऱ्याची शीळ कमी करील. इंजिनाची खोल घूं-घूं त्याला पेलणार नाही. वजनदार थराचे वैरी म्हणजे भोके. एखाद्या भिंतीत एक टक्का जागा उघडी राहिली, तर भिंत कितीही जड केली तरी २० डेसिबलच्या पलीकडे आवाज अडत नाही. इंजिन आणि केबिन यांमधल्या आडभिंतीतून वायरी, पेडल आणि स्टिअरिंगचा दांडा जातो. तिथल्या रबरी बुचांना महत्त्व आले ते यामुळे.

कारखान्यांनी ही तत्त्वे उत्पादनाच्या साखळीत बसवली. डांबरात चुनखडीसारखी भुकटी मिसळून कापलेले पत्रे तळावर ठेवायचे आणि गाडी रंगाच्या भट्टीत जाऊ द्यायची. रंग भाजणाऱ्या उष्णतेनेच डांबर मऊ होऊन पत्र्याच्या घड्यांत बसते आणि थंड झाल्यावर पक्के चिकटते. वेगळी भट्टी लागत नाही, वेगळा गोंद लागत नाही. ही युक्ती इतकी स्वस्त पडली की अर्ध्या शतकाहून अधिक काळ तिला तोड नव्हती.

गालिच्याची वाटचाल

या सगळ्या काळात वरचा गालिचा आपल्या वाटेने चालला होता. ब्रिटिश उंची गाड्यांनी विल्टन पद्धतीचा विणलेला लोकरी गालिचा प्रमाण मानला. त्याच्या कडांना चामड्याची पट्टी शिवलेली, चालकाच्या टाचेखाली चामड्याचा किंवा रबराचा तुकडा आणि खाली जाड नमदा, ही रीत रोल्स-रॉइस आणि जॅग्वार गाड्यांत रुळली. प्रत्येक तुकडा नमुन्यावरून हाताने कापून शिवायचा असल्याने हे काम महाग होते.

गालिचा सर्वसामान्य गाडीत आला तो अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातील डाल्टन गावामुळे. तिथे कॅथरिन इव्हान्स हिने १८९५च्या सुमारास कापडात धाग्यांचे गुच्छ ओवून पलंगपोस बनवायला सुरुवात केली. त्यातून घरगुती उद्योग उभा राहिला, मग सुयांच्या रांगा असलेली यंत्रे आली आणि १९५०च्या दशकात त्याच यंत्रांवर गालिचे निघू लागले. विणण्यापेक्षा हे काम कित्येक पटींनी वेगवान होते. ड्युपाँने १९३८मध्ये जाहीर केलेले नायलॉन याच काळात गालिच्यात उतरले. १९६०च्या दशकातल्या अमेरिकन गाड्यांमध्ये ८० टक्के रेयॉन आणि २० टक्के नायलॉन असलेला फासेदार गालिचा सर्रास असे. जुन्या गाड्या दुरुस्त करणारे कारागीर तो आजही त्याच आकड्यांनी ओळखतात. पुढे कापलेल्या तोंडाच्या धाग्यांचा पूर्ण नायलॉनचा गालिचा आला.

खरी क्रांती शिवण जाण्यात होती. गालिच्याच्या पाठीला उष्णतेने मऊ होणाऱ्या प्लास्टिकचा थर दिला की तो तापवून थंड साच्यात दाबता येतो आणि तळाचा उंचसखलपणा, गिअरबॉक्सचा मधला उंचवटा, सीटची भोके असा सगळा आकार एका तुकड्यात घेतो. कारागिराचे तासन्‌तासांचे काम मिनिटांवर आले. त्याच पाठीत वजनदार भुकटी मिसळली की गालिचाच आवाज थोपवणारा थर बनतो आणि खाली फोम ओतला किंवा नमदा घातला की वजन आणि लवचीक आधार अशी जोडी तयार होते. पत्रा, मऊ थर आणि जड थर मिळून दुहेरी भिंतीसारखे काम करतात. दोन धंदे एकत्र आले ते इथे.

त्यानंतर सुयांनी टोचून केलेला बिनविणीचा गालिचा आला. सुटे तंतू पसरून काटेरी सुयांनी ते एकमेकांत गुंतवले जातात. धागा काततही नाहीत, विणतही नाहीत. १९५४मध्ये जुलिओ नाट्टा याने शोधलेले पॉलिप्रॉपिलीन आणि शीतपेयांच्या बाटल्यांमध्ये वापरले जाणारे पॉलिएस्टर यांना त्यामुळे मोटारीत जागा मिळाली. नायलॉन घासाला टिकतो आणि दबल्यावर पुन्हा उभा राहतो, पण महाग आहे. पॉलिप्रॉपिलीन पाणी धरत नाही, हलके आणि स्वस्त आहे, पण टाचेखाली चपटे होऊन तसेच राहते. पॉलिएस्टर दोघांच्या मध्ये येते आणि जुन्या बाटल्यांपासूनही करता येते. डिकीत आणि चाकांच्या कमानींवर पॉलिप्रॉपिलीन, पायाखाली नायलॉन किंवा पॉलिएस्टर ही वाटणी त्यातून पडली.

सुरक्षेनेही निवडीला वळण दिले. अमेरिकेत १ सप्टेंबर १९७२पासून गाडीच्या अंतर्भागातले साहित्य मिनिटाला १०२ मिलिमीटरपेक्षा जास्त वेगाने जळता कामा नये, असा नियम लागू झाला. सिगारेटच्या ठिणगीने पेटणारे अस्तर आणि गालिचे त्यामुळे बाद झाले. इतर देशांनीही पुढे तशाच चाचण्या स्वीकारल्या. भारतात आयएस १५०६१ हे मानक त्यासाठी आहे. काही जुन्या अंडरकोटिंगमध्ये आणि उष्णतारोधक थरांमध्ये ॲस्बेस्टॉस वापरलेले असे. त्याची धूळ फुप्फुसांना घातक ठरल्यावर ते मागे घेतले गेले. अर्धशतकापूर्वीच्या गाडीचे जुने थर कोरडे खरवडून काढू नयेत, ते याच कारणाने.

वजनाशी झुंज

१९७३च्या तेलसंकटाने जड थरांवर गदा आणली. किलोकिलोने लावलेले डांबर इंधन खाते, हे निर्मात्यांना खटकू लागले. एकीकडे ग्राहक शांत गाडी मागत होता, दुसरीकडे सरकारे बाहेरच्या आवाजावरही मर्यादा घालत होती. युरोपात मोटारीसाठी १९७०मध्ये असलेली ८२ डेसिबलची मर्यादा १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत ७४ वर आली. यावर उत्तर म्हणून थर योग्य जागीच लावण्याचे तंत्र वाढले. लेझरने पत्र्याचे कंपन मोजून कुठला भाग वाजतो ते शोधायचे आणि तिथेच डॅम्पिंग द्यायचे. पत्र्याला नाळ्या आणि फुगवटे देऊन तो मुळातच कडक करायचा. डांबराच्या तुकड्यांऐवजी यंत्रमानवाने फवारलेला पाण्यावर आधारित द्रव थर द्यायचा. १९९०च्या दशकाच्या अखेरीस जड थर जवळपास वगळून सच्छिद्र थरांच्या शोषणावर भर देणारी हलकी रचनाही आली.

गाडीमालकांनी स्वतः थर लावण्याचा बाजार याच काळात उभा राहिला. १९३७मध्ये न्यू जर्सीच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीत शोधलेले ब्यूटिल रबर हवाबंद आणि चिकट असल्यामुळे टायरच्या ट्यूबमध्ये वापरले जाई; पुढे ते या थरांसाठीही आले. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या एका कंपनीने १९८९पासून ‘डायनामॅट’ नावाने पट्ट्या विकल्या, त्या मुख्यतः मोठे स्पीकर बसवणाऱ्यांसाठी. दाराचा पत्रा थरथरला की बासचा आवाज फाटतो. तो सावरण्यासाठी आलेली वस्तू पुढे शांततेसाठी खपू लागली.

भारतातली जमीन : रबर, काथ्या आणि पाऊस

मुंबईत जनरल मोटर्सने १९२८मध्ये शिवडीला गाड्यांची जुळणी सुरू केली. वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४मध्ये स्थापन झाली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी डॉज आणि प्लिमथ, मग १९५०च्या दशकात फियाट ११०० बाहेर पडू लागली. हीच गाडी पुढे ‘पद्मिनी’ झाली. वेगळी चासी नसलेल्या या गाडीला आणि उत्तरपाड्याच्या ॲम्बेसेडरलाही पत्र्याच्या आवाजाचा प्रश्न होताच. पण इथल्या मालकाची आणि टॅक्सीवाल्याची पहिली चिंता वेगळी होती. पाऊस, चिखल, धूळ आणि गंज.

चार महिने ओल्या चपला आणि छत्र्या गाडीत येतात. तळावरचा नमदा किंवा ताग भिजला की वाळत नाही. खाली पत्रा गंजतो, वर बुरशीचा वास येतो. पद्मिनी टॅक्सीच्या तळाला ठिगळे जोडणे हा गॅरेजचा नेहमीचा धंदा होता. त्यामुळे टॅक्सीत रबराची मॅट पक्की ठरली. उचलली, झटकली, पाण्याने धुतली आणि उन्हात टाकली की काम झाले. आवाजाच्या दृष्टीने ती फारशी उपयोगी नव्हती, पण प्रवाशांच्या पायांना आणि पाण्याला ती टिकली. सजावटीचा सारा हौसेचा भाग छतावर आणि सीटवर गेला. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या छताला फुलांचे, वेलबुट्टीचे कापड लावण्याची रीत त्यातूनच फुलली. पद्मिनीचे उत्पादन या शतकाच्या सुरुवातीला थांबले आणि वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यावरून गेली.

काथ्याने मात्र दोन्ही आघाड्या सांभाळल्या. केरळात अलप्पुळा येथे १८५९पासून काथ्याचे कारखाने आहेत. कोकणात आणि गोव्यात सोडणे भिजवून, झोडपून काथ्या काढण्याचा धंदा जुना आहे. नारळाच्या सोडणाचा हा तंतू खारट पाण्यातही लवकर कुजत नाही. तंतूंमध्ये मोकळी जागा असल्याने वाळू आणि पाणी खाली झिरपते, पाय कोरडे राहतात. रबराचे दूध शिंपडून घट्ट केलेला काथ्या सीटच्या गादीत भरला जाई. जर्मनीतही तो वापरात होता. फोम स्वस्त झाल्यावर तो मागे पडला.

डिसेंबर १९८३मध्ये आलेल्या मारुती ८००ने भारतीय ग्राहकाच्या अपेक्षा बदलल्या. गाडी हलकी, पत्रा पातळ, आवाजरोधक थर बेताचे. पण फिट बसणारे भाग आणि घट्ट बंद होणारी दारे. फटी कमी झाल्या की शांतता वाढते, हे त्या गाडीने जड थरांशिवाय दाखवले. १९९०च्या दशकात परदेशी कंपन्या आल्या, डिझेल गाड्यांची लाट आली आणि साच्यातला गालिचा, आडभिंतीवरचा जाड थर, बॉनेटखालचा नमदा हे सर्व नेहमीचे झाले. १९६६मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियात आवाज आणि कंपने मोजणारी प्रयोगशाळा आहे, आणि चाकण-पिंपरी पट्ट्यातल्या कारखान्यांना तिचा आधार मिळतो. कच्च्या मालाचे जुने नातेही टिकून आहे : बॅटलीच्या शॉडीचा वारसा आज हरयाणातल्या पानिपतकडे आहे, जिथे जगभरचे टाकाऊ कपडे पिंजले जातात.

विजेवरच्या गाड्यांनी प्रश्न पुन्हा नव्याने मांडला. इंजिनाची घरघर गेल्यावर तिच्याखाली दबलेले टायरचे, वाऱ्याचे आणि सैल प्लास्टिकचे आवाज उघडे पडले. बॅटरीचे वजन आधीच मोठे असल्याने जड थर परवडत नाहीत. म्हणून सच्छिद्र पॉलिएस्टर, दोन थरांची काच आणि आतून फोम चिकटवलेले टायर यांचा वापर वाढला आहे.

निवडीचा क्रम

शंभर वर्षांच्या या वाटचालीतून साहित्य निवडण्याचा क्रम निघतो. आधी फटी : दारांची रबरे, आडभिंतीतली बुचे, तळातली झाकणे. मग पत्र्याचे कंपन : गंज साफ करून, बोटाने ठोकून जिथे पत्रा घुमतो तिथे ब्यूटिलच्या पट्ट्या. उन्हात तापणाऱ्या छताला आणि दारांना स्वस्त डांबरी पट्ट्या टाळाव्यात. त्या मऊ होऊन घसरतात आणि वास सोडतात. त्यानंतर वजनदार थर, तोही मऊ थरावर तरंगता आणि सलग. शेवटी शोषण : छतात, खांबांत आणि गालिच्याखाली.

कोकण, मुंबई आणि गोवा यांसारख्या ओल्या हवेत तळाला पाणी न धरणारा बंद पेशींचा फोम किंवा पॉलिएस्टरचा थर घ्यावा. ताग आणि कापसाचा नमदा कोरड्या हवेतच शोभतो. दारात आणि तळात पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेली भोके बुजवू नयेत. तळाला पूर्ण चिकटवलेले प्लास्टिकचे आवरण पुसायला सोपे असते, पण खाली पाणी शिरले तर ते कोंडून ठेवते. सुटा गालिचा आणि वर उचलता येणारी मॅट ही जुनी जोडी इथल्या पावसाला अधिक मानवते. उंची गाडीचा लोकरी गालिचा आणि टॅक्सीची रबरी मॅट यांपैकी कोणतेही एक साहित्य सर्वांत चांगले नाही. आवाज कुठला आणि पाणी किती, या दोन प्रश्नांची उत्तरे आधी मिळवावीत. साहित्य त्यावरून ठरवावे.